स्वयंपाकघर बंद असताना

वाचकहो, घराची दुरुस्ती काढणाऱ्या गृहस्थाला भेटेल तो मनुष्य दोन प्रश्न विचारतो : खर्च किती येणार आणि काम केव्हा संपणार? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, आणि आम्हीही तो स्वतःला विचारला नव्हता. जुना ओटा फोडल्यापासून नवा ओटा बसेपर्यंत घरातील माणसांनी जेवायचे कोठे आणि कसे? गेल्या वर्षी आमच्या बंगळूरच्या घरात हा प्रश्न ३१ दिवस ठाण मांडून बसला होता. त्या ३१ दिवसांची हकिगत आज आपल्यापुढे ठेवीत आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आज ना उद्या गवंडी येणारच आहे.

आमचे कुटुंब पाच माणसांचे. यजमान, मी, महाविद्यालयात जाणारी कन्या, १२ वर्षांचा चिरंजीव आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. स्वयंपाकघर २८ वर्षांपूर्वीचे. कडप्प्याच्या ओट्याला तडा गेलेला, आणि मोरीचे पाणी झिरपून खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छताला ओल आलेली. त्यांनी चार वेळा सौजन्याने सांगितले. पाचव्या वेळी ते सौजन्य किंचित कमी झाले, तेव्हा आम्ही कंत्राटदाराला बोलावले.

"पंधरा दिवस," तो म्हणाला. तो खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. कारागिराच्या हिशेबात काम करण्याचे दिवस धरलेले असतात; काम न करता वाट पाहण्याचे धरलेले नसतात. काँक्रीटला निदान ७ दिवस सतत ओलावा द्यावा लागतो, कोरड्या उन्हाळ्यात त्याहून अधिक. मोरीखाली जलरोधक थर दिल्यावर तेथे पाणी साठवून ते खाली उतरते की नाही हे पाहावे लागते. फरशी बसली तरी लगेच तिच्यावर उभे राहता येत नाही. म्हणून कंत्राटदाराने दिवस सांगितले की त्याला विचारावे, "यात सिमेंटचे दिवस धरले आहेत का?" आम्ही विचारले नाही.

त्याच कंत्राटदाराने सिलिंडर आणि शेगडी तात्पुरती दिवाणखान्यात मांडण्याची सूचना केली होती. ती मात्र आम्ही मानली नाही. हा वायू हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो, आणि शेजारच्या खोलीत यंत्राने फरशी कापली जात असताना ठिणगीला काय तोटा! रेग्युलेटर काढून, टोपण लावून सिलिंडर गच्चीच्या मोकळ्या कोपऱ्यात ठेवला आणि आम्ही बाहेर जेवण्यास मोकळे झालो.

पहिले चार दिवस सणासारखे गेले हे कबूल केले पाहिजे. बंगळूर हे बाहेर खाणाऱ्यांचे नगर आहे. १९२४ पासून चालू असलेले मावळ्ळी टिफिन रूम्स येथलेच, आणि गांधी बाजारातील १९४३ सालचे विद्यार्थी भवनही. कॉफी बोर्डाची कॉफीगृहे बंद होऊ लागली तेव्हा नोकरी गमावणाऱ्या कामगारांनी १९५७ मध्ये येथे सहकारी संस्था काढून कॉफीचा पेला हातातून सुटू दिला नाही. पुढे १९८०च्या दशकात 'दर्शिनी' नावाची उभ्याने खाण्याची उपाहारगृहे निघाली. गल्ल्यावर पैसे द्यावेत, चिठ्ठी घ्यावी, आणि उंच गोल मेजाशी उभे राहून दहा मिनिटांत वाफाळती इडली संपवावी. मुले खूश होती. यजमानही होते. आणि मी? मी तर तिसऱ्या दिवशी रात्री कन्येला म्हटले की, स्वयंपाकघर सहा महिने दुरुस्तीला पडले तरी माझी तक्रार नाही.

सासूबाई मात्र काही बोलत नव्हत्या. त्यांचे गुडघे दुखतात, आणि दर्शिनीत बसण्याची सोय क्वचितच असते. त्या एका कठड्याला टेकून उभ्या राहात आणि अर्धी इडली ठेवीत. त्यांना मधुमेह आहे. उडुपी पद्धतीच्या सांबारात गूळ घालतात हे येथे २० वर्षे राहूनही मला लक्षात ठेवावेसे वाटले नव्हते, कारण घरच्या सांबारात मी तो घालीतच नाही.

मग आला पहिला शनिवार.

सासूबाईंना रात्रीच्या जेवणापूर्वी अर्धा तास इन्सुलिन घ्यावे लागते. घरी त्याची वेळ त्यांना कोणी सांगत नसे. कुकरची पहिली शिटी झाली की त्या आपली पेटी काढीत. शिटी, सुई, पाटपाणी आणि ताट हा क्रम नऊ वर्षांत एकदाही चुकला नव्हता. त्या शनिवारी शिटी नव्हती. त्यांनी घड्याळ पाहिले, नेहमीप्रमाणे साडेसात वाजता सुई टोचून घेतली आणि आम्ही निघालो. वाटेत वाहनांची कोंडी झाली. पोहोचलो तर दाराशी नावे लिहून घेणारा मनुष्य उभा, आणि आमच्या आधी अकरा कुटुंबे. यजमान म्हणाले, आता आलोच आहोत तर थांबू.

साधारण पावणेनऊला चिरंजीवाने माझा पदर ओढला. "आई, आजी काहीतरी वेगळंच बोलते आहे." पाहते तो सासूबाईंचे कपाळ घामाने भिजलेले, हात थरथरत होते, आणि त्या मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारीत होत्या. मी नुसती उभी राहिले. खरे सांगते, मला काही सुचले नाही. सुचले ते मुलाला. त्याच्या शाळेत कोणी तरी हे शिकवले होते. तो गर्दीतून गल्ल्यापाशी धावला आणि वाटीभर साखर घेऊन आला. शुद्ध होती, गिळता येत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली आणि विचारले, "अजून बसायला जागा मिळाली नाही का ग?"

ही वेळ कोणावरही येऊ शकते, म्हणून येथे थोडे थांबते. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, कंप, भूक, गोंधळलेले बोलणे ही लक्षणे दिसू लागतात. अशा वेळी सुमारे १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज तोंडाने द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, गरज पडल्यास पुन्हा द्यावे, आणि मग नीट जेवण द्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. सरळ रुग्णालय गाठावे. दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांनी यजमानांना आणि मला समोर बसवून सांगितले, की बाहेर जेवायचे असेल तर सुई घरी टोचून निघायचे नाही. पेन बरोबर न्यायचे, तापलेल्या गाडीत ठेवायचे नाही, आणि ताट येणार याची खात्री झाल्यावरच वापरायचे. औषधास थोडा उशीर झाला तर साखर थोडी वाढेल, पण अन्नास उशीर झाला तर ती जिवावर बेतेल इतकी उतरेल. हा सल्ला सासूबाईंच्या औषधापुरता आहे. आपल्या घरी कोणी इन्सुलिन घेत असेल तर बाहेरच्या जेवणाबद्दल आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

त्या रात्री मला झोप आली नाही. यजमान म्हणाले, "चूक माझी, मी थांबायला सांगितलं." चूक कोणाची हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटेना. मला वाटत राहिले ते हे, की सासूबाईंनी किती वाजता जेवावे, त्यांच्या आमटीत गूळ नको, यजमानांच्या रक्तदाबामुळे मीठ हात राखून, कन्येला शेंगदाणे सोसत नाहीत, मुलगा भाजी लपवून टाकतो, हे सगळे आमच्या घरात कोठेही लिहिलेले नव्हते. ते माझ्या हातात आणि त्या कुकरच्या शिटीत होते. गवंड्याने ओटा फोडला तेव्हा तेही त्याच्याबरोबर गेले, आणि आम्हा पाचांपैकी कोणाच्याही ते लक्षात आले नाही. माझ्यासुद्धा नाही, मी तर सुटी लागल्याच्या आनंदात होते.

रविवारी सकाळी यजमानांनी मुलाच्या वहीचा कागद फाडला आणि मला म्हणाले, "तू सांग, मी लिहितो." पाऊण तास मी सांगत होते. कागदाची दुसरी बाजूही भरली.

त्यानंतर आमची व्यवस्था बदलली. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एक विजेची शेगडी आणि एक झाकणाचे पातेले आले. सकाळचा उपमा, दलिया किंवा मऊ भात आणि दुपारची खिचडी तेथेच होऊ लागली. भांडी न्हाणीघरात घासावी लागत, पण ती थोडीच असत. बाहेरचे जेवण उरले ते रात्रीचे, आणि तेही सात वाजता, गर्दीपूर्वी. लवकर गेल्याचा आणखी एक लाभ असतो. शिजवलेले अन्न साध्या हवेत दोन तासांहून अधिक राहू देऊ नये, गरम ठेवायचे तर ६० अंश सेल्सियसच्या वर ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सातच्या सुमारास पातेली नुकतीच उतरलेली असतात. ओल्या नारळाची चटणी आणि तासन् तास उघडा राहिलेला भात यांविषयी सावध असावे. अशा भातात एक जंतू वाढतो आणि त्याचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. वाफेवरची इडली त्या मानाने निर्धास्त. तळणीचे तेल काळपट, फेसाळ दिसले तर परत फिरावे. वारंवार तापवलेल्या तेलातील विघटित घटकांना कायद्याने २५ टक्क्यांची मर्यादा १ जुलै २०१८ पासून घातलेली आहे. ती मोजण्याचे साधन आपल्याजवळ नसते, पण नाक असते. वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दिलेले भजे नाकारावे, त्या शाईस अन्नात मज्जाव आहे.

मिठाचे मात्र काही चालेना. दिवसाला एका माणसाने ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे अशी शिफारस आहे, आणि बाहेरच्या एका ताटातच त्यातील मोठा वाटा संपतो. आम्ही लोणचे, पापड आणि वरचे मीठ सोडले, सांबाराची दुसरी वाटी बंद केली. यजमानांचा रक्तदाब तरीही थोडा वाढलाच.

पहिल्या आठवड्याचा खर्च ९,८०० रुपये झाला होता. पुढील आठवड्यांचा ५,००० ते ५,६००च्या घरात राहिला. बिल वाचण्याचे काम कन्येने घेतले आणि तिच्या चिकित्सेने आम्ही एक-दोनदा ओशाळलोही. बिलावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक असावा लागतो. बहुतेक उपाहारगृहांत ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. पण कंपोझिशन योजनेतील लहान व्यावसायिकाला तो ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही. एका ठिकाणी 'सेवा शुल्क' म्हणून १० टक्के आपोआप लावलेले होते. असे शुल्क परस्पर लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने त्यास मान्यता दिली. कन्येने हे शांतपणे निदर्शनास आणले. व्यवस्थापकाने रक्कम कमी केली. त्याने ऐकले नसते तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ होताच. खुशीने दिलेली बक्षिसी ही निराळी गोष्ट, ती वाढणाऱ्याच्या हातात द्यावी.

आता मला जे विशेष सांगायचे आहे तेथे येते. दुसऱ्या आठवड्यात यजमानांना त्यांच्या कचेरीतील एका हुबळीकर सहकाऱ्याने एक जागा सांगितली. पाटीवर कन्नडमध्ये लिहिले होते, 'खानावळी'. सासूबाईंनी कन्येकडून ती अक्षरे वाचून घेतली आणि त्यांचा चेहरा उजळला. उत्तर कर्नाटकाच्या पद्धतीची ती लहानशी खाणावळ होती. लांब बाके, स्टीलची ताटे. ताटात ज्वारीची गरम भाकरी, भरली वांगी, मटकीची उसळ, कच्चा कांदा, मेथीची कोवळी पाने आणि शेंगादाण्याची चटणी. (चटणी कन्येपासून दूर सरकवण्याचे काम आता चार जण एकदम करू लागले.) भाषेची अडचण पडली नाही. चटणीला तेथेही चटणीच म्हणतात.

सासूबाई त्या संध्याकाळी प्रथमच पोटभर जेवल्या, आणि जेवता जेवता बोलू लागल्या. त्यांचे वडील कोकणातून मुंबईस गिरणीत आले तेव्हा बिऱ्हाड गावी होते. नऊ वर्षे ते लालबागच्या एका खाणावळीत जेवले. गिरणगावातील या खाणावळी बहुधा स्त्रियाच आपल्या राहत्या खोलीत चालवीत; त्यांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. त्यापूर्वीची ही गोष्ट. "वडिलांना ताप आला की ती बाई न सांगता मऊ भात लावायची," सासूबाई म्हणाल्या. "महिनाअखेर पैशाला मागेपुढे झालं तर बोलायची, पण ताट थांबवायची नाही. आई म्हणायची, मी गावी निर्धास्त झोपते ती त्या बाईच्या जिवावर." त्यांच्या आईने त्या बाईला कधी पाहिले नव्हते.

बाहेर जेवणे म्हणजे चैन, ही समजूत फार अलीकडची आहे, वाचकहो. आपल्या देशात पुष्कळ माणसे बाहेर जेवत आली ती घर दूर होते म्हणून, किंवा घरात चूलच नव्हती म्हणून. बंगळुरात ऑगस्ट २०१७ मध्ये इंदिरा कँटीन निघाली ती ५ रुपयांत न्याहारी आणि १० रुपयांत जेवण देण्यासाठी. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी आली. आमच्याच स्वयंपाकघराची फरशी बसवणारे दोघे कारागीर महिनोन्महिने घरापासून दूर होते. आमचा एक महिना अडचणीचा गेला, असे मी त्यांच्यादेखत शेजारणीला सांगत होते, हे माझ्या मागाहून ध्यानात आले. दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यातल्या पातेल्यात दोन माणसांची खिचडी वाढली.

आम्ही त्या खाणावळीत १४ संध्याकाळी जेवलो. वाढणाऱ्या बाईंना पहिल्या दिवशी सासूबाईंनी हातवारे करून, मोडक्या कन्नडात सांगितले होते, "सक्करे बेडा." साखर नको. तिसऱ्या दिवशी सर्वांच्या ताटात शेंगाहोळिगे, म्हणजे शेंगादाण्याची पोळी, पडली. कन्येने मान हलवली. सासूबाईंच्या ताटात न विचारता ताकाची वाटी आली. आम्ही आत शिरलो की त्या बाई आधी सासूबाईंकडे पाहत. त्यांनी पेटी उघडली की स्वयंपाकघराकडे आवाज जाई आणि पहिली भाकरी त्या बाकावर येई. आमच्या कागदाच्या दोन बाजू भरून जे लिहिले होते, त्यातील अर्धे त्यांनी नुसते पाहून ओळखले होते.

आणखी एक गोष्ट त्या बाकावर घडली. एकदा चिरंजीव माझ्याकडे पाहून म्हणाला, "आई, तू आमच्याबरोबर जेवतेस!" लग्नाला २४ वर्षे झाली. घरी मी शेवटची भाकरी भाजून बसते तेव्हा बाकीच्यांचे हात वाळत आलेले असतात. हे कोणी माझ्यावर लादले नव्हते. ओटाच असा होता की एका वेळी एकच माणूस त्याच्याशी उभे राहू शके. मुलाच्या बोलण्यावर कोणी काही बोलले नाही. पण घरी आल्यावर यजमानांनी नव्या ओट्याचा नकाशा पुन्हा काढला.

सुदैवाने ओट्याच्या भिंती तेव्हा उभ्या राहायच्या होत्या. जुना ओटा ३६ इंचांचा होता, कोणासाठी बांधला होता कोण जाणे. मी ५ फूट १ इंच. ओट्याची उंची काम करणाऱ्याच्या कोपरापेक्षा ४ ते ६ इंच खाली असावी. त्याहून अधिक झाली की खांदे वर उचलून लाटावे लागते, आणि माझे खांदे का दुखतात याचे उत्तर त्या मोजपट्टीवर होते. माझे कोपर ३८ इंचांवर आले. शेगडीचा भाग ३३ इंचांवर ठरला. मोरीकडील भाग ३६ इंचांचा राहिला, कारण भांडी घासताना हात तळाशी जातात, त्यामुळे काठ उंच असलेला बरा. आणि ते काम आता उंच यजमानांकडे गेले आहे. भिंतीलगत २९ इंचांचे एक फळीचे मेज केले. सासूबाई तेथे बसून भाजी निवडतात. समोरासमोर दोन माणसे उभी राहतील एवढी जागा सोडण्यासाठी एक कपाट रद्द करावे लागले. ते लोणच्याच्या बरण्यांचे होते. सासूबाई त्यावर दोन दिवस नाराज होत्या, आणि अजूनही पाहुण्यांना तो विषय काढून दाखवतात.

३१व्या दिवशी सिलिंडर खाली आला. शेगडीची नळी पाच वर्षे उलटलेली निघाली, म्हणून वितरकाच्या माणसाकडून नवी बसवून घेतली. आपणही आपल्या नळीवरील तारीख आजच पाहा. पहिला कुकर कन्येने लावला. यजमानांनी तोवर तो कागद शीतकपाटाच्या दारावर चिकटवला होता, आणि त्याखाली आता निरनिराळ्या हस्ताक्षरांत भर पडत असते.

कंत्राटदाराकडून एका खणाची मूठ अजून यायची आहे. तो म्हणतो, चार दिवसांत. आणि गुरुवारी आम्ही खाणावळीत जातो. गेल्या गुरुवारी पावसामुळे जाऊ शकलो नाही, तर शुक्रवारी सकाळी यजमानांच्या त्या सहकाऱ्यांकडून निरोप आला, खाणावळीतील बाई विचारीत होत्या : अज्जी बऱ्या आहेत ना?